तंबूंतला पाऊस

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. आम्ही चौघें, म्हणजे मी, सौभाग्यवती, कन्या आणि माझा भाचा, नेरूळहून निघून पनवेलमार्गें ठाकूरवाडीस उतरलों आणि उन्हें कलण्याच्या सुमारास प्रबळमाचीवर पोहोंचलों. मागें प्रबळगड, ज्याचें जुनें नांव मुरंजन; शेजारीं कलावंतिणीचा सुळका; आणि पश्चिमेस दूर खालीं आमच्याच शहराचे दिवे. आकाशांत ढगाचा ठिपकाहि नव्हता. जेवणें आटोपून आम्ही दोन तंबूंत दोघें दोघें असे निजलों. तंबू नवे होते, प्रत्येकी दीड किलोच्या आंतले, आणि विकणाऱ्यानें त्यांची इतकी स्तुति केली होती कीं, त्यांत निजावयास मिळणें हा एक मानच आहे असें आम्हांस वाटूं लागलें होतें.

पहाटे तीनच्या सुमारास माझ्या नाकावर थेंब पडला. थोड्या वेळानें दुसरा. हात वर केला तों छत ओलेंचिंब. पायांकडे चांचपून पाहिलें तों स्लीपिंग बॅगेचें टोंक भिजून थंडगार. पाऊस आला असें समजून दार उघडलें आणि बाहेर पाहिलें, तों नक्षत्रें लखलखत होतीं! आभाळांत पाऊस नाहीं, आणि तंबूंत मात्र तो पडतो आहे.

इतक्यांत शेजारच्या तंबूंतून कन्येचा खोकला ऐकूं येऊं लागला. लहानपणापासून तिला दम्याची खोड आहे. गार ओल तिच्या छातीला सोसत नाहीं. माझा भाचा हुशार आहे आणि तितकाच उतावळा आहे. तो म्हणाला, “मामा, गॅसची लहान शेगडी आंत आणतों, दारें घट्ट लावून घेऊं, पांच मिनिटांत सगळें सुकेल.” अर्धवट झोपेंत मीहि कदाचित् होकार दिला असता. परंतु सौभाग्यवतीनें ती शेगडी उचलली, बाहेर खडकावर नेऊन ठेविली आणि एवढेंच म्हटलें, “न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावून, खिडकी बंद करून माणसें कशीं दगावतात तें वर्तमानपत्रांत वाचतां ना? हें तर न्हाणीघराहूनहि लहान आहे.”

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कोंडलेल्या जागेंत ज्वाळेला पुरेसा प्राणवायु मिळेनासा झाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसाला तो जागें होण्याचीहि संधि देत नाहीं. आणि मौज अशी कीं, त्या शेगडीनें आमचा तंबू सुकलाहि नसता. गॅस जळतांना पाण्याची वाफ होते, आणि तीहि थोडीथोडकी नव्हे. जितका गॅस जळावा त्याच्या सुमारें दीडपट वजनाचें पाणी त्यांतून निर्माण होतें. म्हणजे ओल घालविण्यासाठीं आम्ही आंत आणखी पाणी ओतणार होतों, आणि तेंहि प्राणांवर उदार होऊन.

उरलेली रात्र आम्ही दारें उघडीं टाकून, पांघरुणें लपेटून, बसून काढिली. सकाळीं चहा घेऊन आलेल्या ठाकर गृहस्थांनीं आमचे तंबू पाहिले, पण त्यांस कांहींच नवल वाटलें नाहीं. “पत्र्याचं घर बी असंच रडतं थंडीत,” ते म्हणाले, “कुडाचं नाय रडत.” त्या वेळीं ह्या वाक्याकडे माझें लक्ष गेलें नाहीं. पुढें मात्र महिनाभर जें कांहीं शिकलों तें सारें त्याच वाक्यांत होतें असें दिसून आलें.

घरीं आल्यावर कन्येला चार दिवस ताप आला आणि घरांत खटला उभा राहिला. आमच्या आत्याबाईंनीं तंबू गळका असल्याचा निकाल तत्काळ दिला, आणि मुलीच्या जातीनें डोंगरावर रात्री काढणें आजपासून बंद, असा हुकूम त्याला जोडला. कन्या कांहीं बोलली नाहीं. पण तिचें तोंड पाहून मला वाईट वाटलें. दम्यावर मात करून ती आतां कोठें डोंगर चढूं लागली होती. मीं विकणाऱ्यास रागानें पत्र लिहिलें. त्याचें उत्तर थोडक्यांत आलें: तंबू गळत नाहीं, तें पाणी आपलेंच आहे. हें वाचून माझा राग दुणावला. परंतु तो मनुष्य अर्धें खरें बोलत होता. उरलेलें अर्धें त्यानें सांगितलें नव्हतें, आणि तेंच महत्त्वाचें होतें.

पाणी आपलेंच, हें प्रथम पाहूं. सौभाग्यवतीनें ही गोष्ट माझ्या आधीं ओळखली. ती म्हणाली, “तुम्ही मोदकपात्राचें झांकण डोक्यावर घेऊन निजलां होतां.” मनुष्याच्या श्वासावाटे आणि कातडीवाटे, घाम आल्याचें जाणवत नसतांनाहि, चोवीस तासांत सुमारें ८०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन निघून जातें. रात्रीच्या आठ तासांचा वांटा धरला तरी तो पाव लिटर होतो. दोघांचा मिळून अर्धा लिटर. घरांत हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं, कारण खोली मोठी असते आणि खिडकी उघडी असते. दोन माणसांच्या तंबूंत हवा ती किती? फार तर दोन घनमीटर. आणि हवेची पाणी धरण्याची शक्ति उष्णतामानावर अवलंबून असते. २५ अंशांवरील एक घनमीटर हवा सुमारें २३ ग्रॅम वाफ पोटांत ठेवूं शकते. तीच १५ अंशांवर उतरली कीं, १३ ग्रॅमांपलीकडे तिला पेलवत नाहीं. वरचे दहा ग्रॅम ती जवळच्या गार पृष्ठभागावर टाकून देते. ज्या उष्णतामानावर असें पाणी सुटूं लागतें त्यास दवबिंदु म्हणतात.

आतां हिशेब करूं. दोन माणसें ताशीं साठ ग्रॅम वाफ सोडतात. बाहेरच्या हवेंत घनमीटरला ११ ग्रॅम वाफ आहे आणि आंतल्या थोड्या उबदार हवेला १६ ग्रॅमपर्यंत पेलवतें असें धरलें, तर बाहेर जाणारा प्रत्येक घनमीटर आपल्याबरोबर पांच ग्रॅम घेऊन जाईल. साठ ग्रॅम घालविण्यास बारा घनमीटर लागले. म्हणजे तंबूंतील सगळी हवा तासांतून सहा वेळां बदलली पाहिजे, दर दहा मिनिटांस एकदां! आम्ही तर थंडी वाजूं नये म्हणून होत्या नव्हत्या तेवढ्या झिपा गळ्यापर्यंत ओढून घेतल्या होत्या.

पण छत हवेपेक्षां गार कां व्हावें? दवाचा हा प्रश्न पुष्कळ काळ लोकांना कोड्यांत टाकणारा होता. दंव आभाळांतून पडतें असेंच सर्वसामान्य माणूस मानी, आणि आपण अजूनहि ‘दंव पडतें’ असेंच म्हणतों. लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स नांवाच्या डॉक्टरानें लोकरीचे पुंजके रात्रीं उघड्यावर आणि आडोशाखालीं ठेवून, सकाळीं तोलून पाहिले. त्याचा दवावरील निबंध १८१४ सालीं प्रसिद्ध झाला. निरभ्र रात्रीं उघड्यावरची वस्तु आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते आणि भोंवतालच्या हवेहूनहि थंड होते, म्हणून तिच्यावर दंव जमतें, हें त्यानें दाखवून दिलें. आकाश ढगाळ असेल किंवा वर झाडाची सावली असेल तर ही उष्णता परत मिळते आणि दंव कमी जमतें. आपल्याकडे देशावर हरभऱ्याच्या शेतांत पहाटे फडकें पसरून आंब धरीत, तें ह्याच गार रात्रींच्या भरंवशावर. माझा पातळ तंबू म्हणजे आकाशाखालीं पसरलेलें तसलेंच एक फडकें. निरभ्र आकाश पाहून मीं जो आनंद मानला होता, तोच मला नडला.

हें सर्व वाचून समजलें, तरी डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय आत्याबाईंचें समाधान होण्यासारखें नव्हतें. तेव्हां सोसायटीच्या गच्चीवर तंबू उभारण्याचें ठरविलें. (गच्चीवर मेखा ठोकणार नाहीं, असें चिटणिसांना लिहून द्यावें लागलें, तणावे पाण्याच्या कॅनांना बांधले.) पहिल्या रात्रीं तंबू रिकामाच ठेविला. सकाळीं बाहेरून ओला. आंतून मात्र हात फिरविल्यावर किंचित् दमटपणा लागला एवढेंच. म्हणजे गळतीचा आरोप तेथेंच संपला. दुसऱ्या रात्रीं मी आणि भाचा सगळीं दारें लावून निजलों; सकाळीं जुन्या धोतराच्या फडक्यानें आंतून टिपून तें पिळलें, तों पेला भरत आला. तिसऱ्या रात्रीं दारांच्या वरच्या अर्ध्या झिपा उघड्या टाकिल्या आणि बाहेरच्या आवरणाची कड खालून चार बोटें उचलून बांधिली. त्या सकाळीं पेल्याचा तळ जेमतेम झांकला. आत्याबाई स्वतः गच्चीवर येऊन पेला पाहून गेल्या. त्यांनीं निकाल फिरविला नाहीं, पण शिक्षेची मुदत ‘पुढें बघूं’ इतकी खालीं आणली.

आतां विकणाऱ्यानें न सांगितलेलें अर्धें. पाणी आपलें हें खरें. परंतु तें बाहेर जाण्यास वाट ठेवणें हें तंबू करणाऱ्याचें काम होतें, आणि वजन कमी करण्याच्या हव्यासांत त्यानें नेमकी तीच वाट कापली होती.

आपल्याकडे तंबू हा कांहीं नवा पदार्थ नव्हे. मराठ्यांच्या छावणींत राहुट्या, डेरे आणि पालें होतीं. इंग्रजी अमदानींत दौऱ्यावरच्या अंमलदारांचे तंबू बैलगाड्यांतून आणि उंटांवरून जात. त्या तंबूंचें कापड सुती आणि जाड. सुताच्या विणींतून हवा आणि वाफ सावकाश बाहेर जाते, आणि पाणी लागलें कीं, सूत फुगून वीण आपोआप घट्ट होते. शिवाय मोठ्या तंबूंना दुहेरी छत असे आणि दोहोंमध्यें हवा खेळती राही. ठाकर गृहस्थांचें कुडाचें घर ह्याच न्यायानें कोरडें राहतें. कारवीच्या कुडांतून आणि गवती छपरांतून वाफ निघून जाते, आणि गवताचा थर पत्र्यासारखा झटकन् गारहि होत नाहीं. दोष एकच, वजन. डोंगर चढणाऱ्याला उंट परवडत नाहीं. म्हणून गेल्या शतकाच्या आधींपासूनच गिर्यारोहक हलक्या तंबूच्या मागें लागले. १८९५ सालीं नंगा पर्वतावर नाहींसा झालेला इंग्रज गिर्यारोहक ममरी ह्याचा रेशमी तंबू बर्फाच्या कुऱ्हाडींचेच खांब करून उभा राही. १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस करोथर्सनें नायलॉन तयार केलें, आणि पुढें रेशमाचें काम त्यानें घेतलें. आजच्या हलक्या तंबूंत २० डेनियरचा धागा सर्रास असतो. म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचें वजन अवघें २० ग्रॅम. ह्या कापडावर सिलिकोन किंवा पॉलियुरेथेन ह्यांचा लेप देतात. लेपांतून बाहेरचें पाणी आंत येत नाहीं, तसेंच आंतलें बाहेरहि जात नाहीं. तें कापड नव्हे, पत्राच. फक्त घडी घालतां येणारा.

कांहीं तंबूंना वाफ जाऊं देणारा पापुद्रा लावलेला असतो. अमेरिकेंत बॉब गोर ह्यानें १९६९ सालीं शोधून काढलेल्या पदार्थावरून हा प्रकार निघाला. तो बर्फांत चांगला चालतो, कारण तेथें आंतली हवा उबदार व बाष्पयुक्त आणि बाहेरची कडक थंड व कोरडी असते. ह्या फरकाच्या रेट्यानें वाफ बाहेर ढकलली जाते. कोंकणांतील दमट रात्रीं आंत आणि बाहेर एवढा फरक नसतोच, मग वाफेला ढकलणार कोण? असला महाग एकपदरी तंबू आपल्या हवेसाठीं कोणीं घ्यावा असें मला वाटत नाहीं.

आमचा तंबू दुपदरी होता. आंत जाळीचा पडदा, वर लेप दिलेलें आवरण. कल्पना उत्तम आहे. वाफ जाळींतून निघून वरच्या आवरणावर जमावी, थेंब आवरणावरूनच घसरत खालीं जावेत, आणि निजणाऱ्याचा त्यांच्याशीं संबंध येऊं नये. परंतु वजन वांचवितांना दोन पदरांमधील अंतर कोठें दोन बोटें तर कोठें तेवढेंहि राहिलें नव्हतें. पायांकडचा उतार इतका लोळता होता कीं, स्लीपिंग बॅग जाळीला लागे आणि जाळी आवरणाला. तेथून पाणी सरळ आंत. बाजूच्या कापडाला मधोमध तणावा बांधण्यास कडीच दिलेली नव्हती. वर तळहाताएवढी एक वायुझडप होती खरी, पण ती उघडी धरण्यास आंत कांहीं ताठ वस्तु नसल्यानें ती रात्रभर मान टाकून मिटलेली असे. आणि आवरणाची कड जमिनीला टेंकलेली. धुराड्याला खालून हवा मिळाली नाहीं तर वरून धूर जात नाहीं, हें चुलीपुढें बसणारी कोणतीहि गृहिणी जाणते. तंबू आखणाऱ्यास मात्र तें सुचलें नव्हतें.

त्यांत नायलॉनचा एक स्वभावदोष. नायलॉन हवेंतील ओल पितें. साधारण दमट हवेंतच स्वतःच्या वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टर अर्धा टक्काहि पीत नाहीं. ओल प्यालेलें नायलॉन लांबतें. संध्याकाळीं नगाऱ्यासारखा ताणलेला तंबू मध्यरात्रीं ढिला पडून आंतल्या पडद्यावर लोळूं लागतो, तो ह्यामुळें. निजण्यापूर्वीं एकदां बाहेर जाऊन सगळे तणावे पुन्हां ओढून बांधणें एवढाच त्यावर उपाय. थंडींत पांघरुणांतून बाहेर पडण्याचा कंटाळा येतो. पण तेवढ्या एका कंटाळ्याची किंमत आम्हीं प्रबळमाचीवर मोजली होती.

दुरुस्ती सौभाग्यवतीच्या शिलाईयंत्रावर झाली. तिनें नवारीच्या पट्टीचे लहान फांसे करून बाजूच्या कापडावर, पण कापडाच्या मध्यावर नव्हे तर जेथें दोन पाट जोडलेले आहेत त्या शिवणीवरच, बारीक सुईनें आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्यानें टांचले. मध्यावर टांचले असते तर पातळ कापड ताणाखालीं फाटलें असतें. ह्या फांशांना तणावे लावून बाहेर ओढल्याबरोबर बाजूचें कापड पोटासारखें फुगलें आणि दोन पदरांत वितभर अंतर पडलें. सुईनें पडलेलीं भोंकें बुजविणें आवश्यक, आणि येथें एक चूक होतां होतां राहिली. सिलिकोनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकोनचाच लेप धरतो, पॉलियुरेथेनच्या कापडाला पॉलियुरेथेनचा. उलटसुलट लाविल्यास वाळल्यावर साल निघून येते. आमचें कापड सिलिकोनचें निघालें. दारेंखिडक्यांच्या फटी बुजविण्यास मिळतें तें पारदर्शक सिलिकोन मिनरल टर्पेंटाइनमध्यें पातळ करून भाच्यानें ब्रशानें शिवणींवर फांसलें. (हें काम गच्चीवरच करावें, वास फार, आणि येथेंहि खिडक्या बंद नकोत.) वायुझडपेंत तेलाच्या रिकाम्या डब्याच्या प्लॅस्टिकची चार बोटें लांब पट्टी कापून बसविली, तेव्हांपासून ती डोळे मिटीत नाहीं. आवरणाच्या कडेच्या दोऱ्या वाढवून ती हवी तेव्हां वर उचलतां येईल असें केलें. ह्या साऱ्याचें वजन चहाच्या एका पेल्याएवढेंहि भरलें नाहीं.

दाराचा दोष मात्र आम्हांस सुधारतां आला नाहीं. त्याची झिप अशा उतारावर आहे कीं, उघडली म्हणजे आवरणावरचें सारें पाणी अंथरुणावर सांडतें. त्यासाठीं प्रथम आंतून हातानें आवरण टपटप झटकावें, फडक्यानें टिपावें, मग दार उघडावें, अशी शिस्त लावून घेतली. तंबूच्या तळाखालीं अंथरण्याचा जाड कपडाहि आम्ही चुकीचा वापरीत होतों. तो तळापेक्षां मोठा असेल तर बाहेर राहिलेल्या कडांवर पाणी सांठून, वळून थेट आपल्या पाठीखालीं येतें. चारी बाजूंनीं तो दोन दोन बोटें आंतच असला पाहिजे.

जागेची निवड हा खरें म्हणजे पहिला विषय. तो शेवटीं सांगतों, कारण मलाहि तो शेवटींच कळला. गार हवा जड असते. ती रात्रीं उतारावरून खालीं वाहत येऊन खोलगटांत आणि पाण्याकांठीं सांठते. तळ्याच्या कांठावरचा तंबू छायाचित्रांत सुंदर दिसतो आणि सकाळीं सर्वांत जास्त भिजलेला असतो. हिरवें गवतहि ओल सोडतें. त्यापेक्षां थोडी उंचवट्याची, वाऱ्याची झुळूक लागणारी, कोरड्या मुरमाची जागा, आणि वर एखाद्या निरोगी झाडाची फांदी असेल तर उत्तम. दार झुळुकेकडे तिरपें ठेवावें.

एवढें करूनहि एक मर्यादा राहतेच. बाहेरची हवाच बाष्पानें भरलेली असेल तर ती आंतलें बाष्प घेऊन जाणार कोठें? मुंबईच्या बाजूस पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत कोणताहि तंबू आंतून कोरडा राहील अशी आशा धरूं नये. दुपदरी तंबू थेंब अंगावर पडूं देत नाहीं, इतकेंच त्याचें काम. माझें तर मत असें कीं, आषाढ-श्रावणांत आमच्या ह्या डोंगरांत तंबू नेऊंच नये. प्रबळमाचीच्या शेजारींच इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्याच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि निजलेलीं माणसें घरांसकट गाडलीं गेलीं. पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणाऱ्यांना जी चाहूल लागली नाहीं, ती शनिवारी रात्रीं येऊन रविवारीं परतणाऱ्या आपल्याला काय लागणार?

घरीं आणल्यावर तंबूची निगा हा निराळाच व्याप आहे, विशेषतः नव्या मुंबईंत. खाडीच्या बाजूनें येणारी हवा दमट, सदनिकेला एक सज्जा, त्यांत धुणें. ओला तंबू पिशवींत दोन दिवस राहिला कीं, त्याला बुरशीचे काळे ठिपके पडतात. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर उष्ण आणि दमट जागेंत तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप विरघळूं लागतो. कापड चिकट होतें, आंबूस वास सुटतो, शिवणींवरच्या पट्ट्या गळून पडतात. त्यावर औषध नाहीं. म्हणून परत आल्याबरोबर तंबू पंख्याखालीं पसरावा, पूर्ण वाळल्यावर घट्ट पिशवींत न कोंबतां जुन्या उशीच्या सुती अभ्र्यांत सैल भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावा. आमचा तंबू तेथें आत्याबाईंच्या रेशमी लुगड्यांच्या शेजारीं असतो, आणि हें शेजार त्यांनीं चालवून घेतलें, ह्यांतच बरेंचसें आलें.

माघांत आम्ही पुन्हां प्रबळमाचीवर गेलों. जागा कन्येनें निवडली. माचीच्या कडेस, आंब्याच्या झाडाखालीं. खालची कड उचलली, झडप उघडली, थंडी वाजेल म्हणून प्रत्येकानें एकेक लोंकरी कानटोपी जास्त घेतली. रात्रीं दहाला भाचा न सांगतां उठून तणावे ओढून आला. पहाटे मी सवयीनें नाकावर थेंब पडण्याची वाट पाहत जागा झालों. शेजारच्या तंबूंत खोकला नव्हता. उजाडल्यावर पाहिलें, तों वरचें आवरण दवानें पांढुरकें झालेलें, आणि आंतली जाळी, पायांकडचें टोंकसुद्धां, कोरडें होतें. कन्येनें धोतराचें फडकें घेऊन आवरण आंतून टिपलें, पिळलें आणि तें पाणी आंब्याच्या मुळाशीं टाकलें. मग चहा घेऊन ते ठाकर गृहस्थ आले. त्यांनीं उचललेल्या कडेखालून वांकून आंत पाहिलें, बाजूच्या नव्या फांशांना हात लावून पाहिला आणि विचारलें, “हे कुणी शिवले?”